शिस्तीचा मोह: मनोहर माळगावकर वाचताना

अर्न्स्ट युंगरवर आपण बोललो आणि त्यानंतर आलेल्या पत्रांमध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलेला होता: आपल्याकडे असा कोणी आहे का? म्हणजे आधी सैनिक, मग लेखक, आणि ज्याच्या नावावरून आजही दोन माणसं जेवणाच्या टेबलावर भांडू शकतात असा?

प्रश्न मला आवडला. नॉर्थ यॉर्कमध्ये शाळा केलेल्या कुणालाही 'युद्धावरचं लेखन' म्हटलं की काय आठवतं? नोव्हेंबरात कोटाला लावलेली लाल पॉपी, ग्वेल्फच्या डॉक्टर जॉन मक्रेची फ्लँडर्सची कविता, आणि अकरावी-बारावीत गाठ पडली तर रेमार्क. हे सगळं दुःखाच्या बाजूचं लेखन आहे. युद्ध वाईट, मेलेली मुलं आपली, मान खाली घाला. युंगर अंगावर येतो तो यामुळेच. १९१३ मध्ये शाळा सोडून फ्रेंच फॉरिन लीजनमध्ये पळून गेलेला हा मुलगा पुढच्याच वर्षी जर्मन सैन्यात स्वेच्छेने भरती झाला, अनेकदा जखमी झाला, १९१८ मध्ये त्याला प्रशियाचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं आणि १९२० मध्ये त्याने आपल्या रोजनिशीवरून पुस्तक काढलं. त्यात भीती आहे, चिखल आहे, पण पश्चात्ताप नाही. उलट एक नशा आहे. वायमार काळात त्याने लोकशाहीविरोधी जहाल लेख लिहिले. पण नाझींनी देऊ केलेली संसदेतली जागा मात्र घेतली नाही. १९३९ च्या त्याच्या कादंबरीत अनेकांना हुकूमशाहीवरची टीका दिसली, आणि नंतर तोच माणूस व्यापलेल्या पॅरिसमध्ये जर्मन गणवेश घालून कॅफेत बसून डायरी लिहीत होता. युद्धानंतर त्याने नाझीमुक्तीचा सरकारी फॉर्म भरायला नकार दिला आणि काही वर्षं त्याच्या पुस्तकांवर बंदी आली. १९८२ मध्ये फ्रँकफुर्टने त्याला गोएथे पुरस्कार दिला तेव्हा केवढा गदारोळ झाला! १९९८ मध्ये, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी तो गेला. फावल्या वेळात भुंगेरे गोळा करायचा. हजारोंनी.

आता मराठीत बघू. पहिल्या महायुद्धातल्या सैन्यजीवनावर लिहिणारे कॅप्टन गो. गं. लिमये आहेत. 'सैन्यातील आठवणी' हे त्यांचं पुस्तक. पण ते डॉक्टर, आणि स्वभावाने विनोदी लेखक. त्यांचं नातं मक्रेशी जास्त. युंगरच्या जवळ जाईल असा जो माणूस मला दिसतो तो घरात मराठी बोलणारा होता, मराठा लाइट इन्फन्ट्रीत लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोचला होता, बेळगाव-कारवार पट्ट्यातल्या जंगलात राहायचा, आणि लिहायचा इंग्रजीत. मनोहर माळगावकर.

तुमच्यापैकी काहींनी हे नाव फॅमिली व्हॉट्सॲप ग्रुपवर पाहिलं असेल, पुस्तकावर नाही. कुणीतरी काका एक पानाचा फोटो टाकतात, त्यात गांधीहत्येच्या खटल्याबद्दल एक खळबळजनक किस्सा असतो आणि खाली नाव असतं माळगावकरांचं. त्या पानाकडे मी येणार आहे. पण ते एवढ्या सहज येत नाही. आधी माणूस बघायला हवा.

जन्म १९१३. कॉलेज संपल्यावर पोटापाण्यासाठी त्यांनी काय केलं? शिकार. म्हणजे हौस नव्हे, धंदा. पैसेवाल्या पाहुण्यांना जंगलात नेऊन वाघ मारायला मदत करायची. मग कँटोन्मेंटमध्ये सरकारी नोकरी, आणि १९४२ च्या सुमारास सैन्य. तिथे काउंटर-इंटेलिजन्स, जनरल स्टाफ अशी कामं. युंगरसारखा खंदकात चौदा जखमा मोजणारा हा माणूस नव्हे. याने सैन्य पाहिलं ते बरंचसं मेसच्या, फायलींच्या आणि हुकुमांच्या बाजूने. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. १९५२ च्या आसपास सैन्य सोडलं, मँगनीजच्या खाणीचा व्यवसाय केला, निवडणुकीला उभे राहिले, हरले. शेवटी लोंढा आणि दांडेलीच्या मधल्या जगलबेटला, 'बर्बुसा' नावाच्या बंगल्यात शेती आणि लेखन. २०१० मध्ये तिथेच गेले. मधे कधीतरी बंदूक कायमची खाली ठेवली आणि वन्यप्राण्यांच्या बाजूने लिहायला लागले.

जगलबेट नकाशावर शोधून बघा. आधी मुंबई प्रांत, १९५६ नंतर म्हैसूर राज्य, मग कर्नाटक. माणूस तिथेच बसलेला आणि राज्याचं नाव बदलत गेलेलं. सीमाभागातल्या मराठी माणसाला हे नवीन नाही. मात्र सीमाप्रश्नावर घोषणा देणारा हा लेखक नव्हे. त्याला निष्ठा वाटायची ती रेजिमेंटशी, आणि रेजिमेंटचं केंद्र होतं बेळगावात.

मराठी वाचकाच्या घरात माळगावकर शिरले ते एका दुसऱ्याच दाराने. त्यांचं पहिलं पुस्तक, १९५९ चं, कान्होजी आंग्र्यांचं चरित्र. त्याचा मराठी अनुवाद पु. ल. देशपांड्यांनी केला. आई-बाबांच्या पुस्तकांच्या खोक्यात 'कान्होजी आंग्रे' सापडलं आणि मुखपृष्ठावर पु.लं.चं नाव असलं, तर आत माळगावकर आहेत. गंमत अशी की बहुतेक लोकांना पु.ल. लक्षात राहतात आणि मूळ लेखक नाही. कान्होजींच्या त्या चरित्रातही माळगावकरांची आवड उघड दिसते. इंग्रज कान्होजींना चाचा म्हणत. माळगावकरांना त्यांच्यात दर्यावर्दी सेनापती दिसतो, स्वतःचे नियम असलेला, दिलेला शब्द पाळणारा, शत्रूला ओळखणारा.

स्वतःचे नियम असलेला पुरुष. माळगावकरांच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकाच्या मध्यभागी असा एक पुरुष उभा आहे. ते नियम न्याय्य आहेत का, हा प्रश्न लेखकाला नंतर पडतो. कधी पडतच नाही. माझ्या मते त्यांची सगळी ताकद आणि सगळा घोटाळा इथेच आहे.

'डिस्टंट ड्रम' (१९६०) ही पहिली कादंबरी घ्या. किरण गरुड हा भारतीय अधिकारी, अब्दुल जमाल त्याचा त्याच रेजिमेंटमधला मित्र. फाळणी होते, जमाल पाकिस्तानात जातो, आणि काश्मीरमध्ये दोघे समोरासमोर येतात. मग दोन फळ्यांच्या मधल्या जागेत ते भेटतात आणि एकत्र दारू पितात. नंतर किरणला त्याबद्दल जाब विचारला जातो. मला ही भेट फार आवडते. कालपर्यंत एका टेबलावर जेवणाऱ्यांना सरकारने शत्रू ठरवलं म्हणून ते एकमेकांना ओळखायचे थांबत नाहीत, हे इथे भाषण न ठोकता सांगितलंय. पण त्याच कादंबरीत रेजिमेंटच्या बाहेरचं जग कसं दिसतं ते पाहा. पुढारी बावळट किंवा लबाड, बाबू लोक खुजे, बायका सुंदर आणि बऱ्याचदा बक्षीस मिळाल्यासारख्या. मेसच्या खिडकीतून पाहिलेला हा देश आहे. आतली माणसं सगळी तीन मितींची, बाहेरची सपाट.

'द प्रिन्सेस' (१९६३) मात्र मोठी कादंबरी आहे. मी तिच्याबद्दल जरा जास्त बोलणार आहे, कारण तिच्याकडे सध्या कोणी बघत नाही. बेगवाड हे काल्पनिक संस्थान. सांगणारा अभयराज, तिथला युवराज. वडील हिरोजी महाराज, जुन्या वळणाचे, शूर, उधळे आणि ज्यांना आपण प्रजेचे मायबाप आहोत याबद्दल तिळमात्र शंका नाही असे. विलीनीकरण जवळ येतंय, इंग्रज पाठ फिरवणार आहेत, आणि महाराजांना ते पटत नाही. शेवटी संस्थान गेल्यावर ते जखमी वाघाला सामोरे जातात आणि मरतात. शिकारीच्या भाषेत लिहिलेली ही आत्महत्या आहे. ज्याने स्वतः वाघांच्या शिकारी घडवून आणल्या त्या माणसाने हे लिहिलंय, हे वाक्यावाक्यातून कळतं. कुठेही कढ काढलेला नाही.

पण या कादंबरीत एक मुलगा आहे, कनकचंद. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतला, हुशार, अभयराजच्या शाळेतला. बक्षिसाच्या निबंधाचं एक प्रकरण होतं, ज्यात अभयचाही हात असतो, आणि महाराज त्या पोराला सगळ्यांदेखत चाबकाने फोडतात. हा प्रसंग लिहिताना माळगावकर डोळे मिटत नाहीत. वाचताना आपल्याला महाराजांची चीड येते, अभयची लाज वाटते, आणि कनकचंद पुढे चळवळीत शिरतो तेव्हा आपण म्हणतो, अरे, जाणारच. पुढे तो मंत्री होतो. आणि कादंबरीच्या शेवटी, सगळं हातातून गेल्यावर, अभयराज त्याच कनकचंदला जाहीरपणे चाबकाने मारतो.

इथे मी थांबले. तुम्हीही थांबा.

हा शेवट कसा वाचायचा? एक वाचन असं: हरलेल्या वर्गाचा हा शेवटचा, लाजिरवाणा आचका आहे आणि लेखक तो दाखवतोय. बापाचा चाबूक मुलाच्या हातात आला, एवढाच काय तो वारसा. दुसरं वाचन: लेखकाला यात समाधान मिळतंय. उर्मट झालेल्या मंत्र्याला त्याची जागा दाखवली गेली आणि वाचकाने मनात टाळी वाजवावी अशी योजना आहे. मी कादंबरी दोनदा वाचली आणि माझा कौल दुसऱ्या वाचनाकडे झुकतो. कारण मंत्री झालेला कनकचंद लेखकाने आधीच छोटा करून ठेवलाय. लहानपणी ज्याला मन होतं, हुशारी होती, त्याला मोठेपणी फक्त सूड आणि मिजास उरते. त्याचं आतलं काही आपल्याला दिसतच नाही. त्याला मारणं सोपं व्हावं म्हणून त्याला आधी पातळ केलंय. आपल्या साठच्या दशकातल्या मराठी साहित्याशी हे ताडून बघा. १९६३ मध्येच बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला. कनकचंदच्या पाठीवरचा वळ आतून कसा वाटतो ते बागुलांकडे आहे. माळगावकरांकडे चाबूक धरणाऱ्या हाताची पूर्ण, प्रामाणिक, कधीकधी हादरवणारी नोंद आहे. दोन्ही एकाच वर्षी छापलं गेलं आणि दोघांचे वाचक बहुधा एकमेकांना कधी भेटले नाहीत.

म्हणून 'द प्रिन्सेस' टाकून द्यायची का? अजिबात नाही. सत्ता गमावणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय चालतं हे इतक्या आतून सांगणारं पुस्तक भारतीय इंग्रजीत मला दुसरं माहीत नाही. फक्त सांगणारा कोण आहे हे विसरू नका.

पुढच्याच वर्षी आली 'अ बेंड इन द गँजेस'. ई. एम. फॉर्स्टरने त्या वर्षीच्या आपल्या पसंतीच्या तीन कादंबऱ्यांत तिला घातलं. फॉर्स्टर स्वतः १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या देवासच्या महाराजांचा सचिव होता आणि माळगावकरांनी त्याच देवासच्या पवारांचा इतिहास लिहिलाय, ही जाता जाता. कादंबरीची सुरुवात विलायती कपड्यांच्या होळीने होते. ग्यान तलवार नावाचा विद्यार्थी गांधींच्या साक्षीने, भारावून आपला आवडता ब्लेझर आगीत टाकतो आणि अहिंसेचा होतो. थोड्याच प्रकरणांनंतर तोच ग्यान भावाच्या खुनाचा सूड म्हणून कुऱ्हाडीने माणूस मारतो आणि अंदमानला जातो. तिथे त्याला देवीदयाल भेटतो, श्रीमंताघरचा क्रांतिकारक. १९४२ मध्ये जपानी अंदमानात उतरतात, दोघे आपापल्या वाटांनी परत मुख्य भूमीवर येतात, आणि कादंबरी फाळणीच्या आगीत जाऊन पोचते. देवीदयाल गाडीत मारला जातो, हिंदू म्हणून. त्याने आयुष्यभर जे केलं त्याचा त्या क्षणी कुणाला काही उपयोग नाही.

पुष्कळांनी ही कादंबरी गांधींच्या विरोधातली म्हणून वाचली, काहींनी त्यासाठी डोक्यावरही घेतली. माळगावकरांना अहिंसेबद्दल खरंच शंका होती. ब्लेझर जाळणं सोपं, कुऱ्हाड न उचलणं कठीण, असं ते म्हणतायत. पण दुसरी बाजू जिंकते का? क्रांतिकारकांच्या गटात हिंदू-मुसलमान एकत्र शपथा घेतात आणि तो गट धर्मावरूनच फुटतो. त्यांचा नेता शफी आपल्याच हिंदू साथीदारांना पकडून देतो. (शफीच्या या बदलाला कादंबरी फार कमी पानं देते. ग्यानच्या मनाची एवढी चिरफाड करणाऱ्या लेखकाने शफीला एका वळणात खलनायक करावं, हे खटकतं.) कादंबरीतली हिंसा कुणालाच मोठं करत नाही. जो मारतो तो नंतर त्या मारण्याबरोबर जगतो, खोटं बोलतो, स्वतःपासून पळतो. ग्यान हा नायक म्हणावा तर भेकड आणि भेकड म्हणावा तर शेवटी उभा राहणारा. युंगरकडे असा माणूस नाही. युंगरच्या पुस्तकात मृत्यूजवळ गेलेला माणूस उजळतो. माळगावकरांच्या या कादंबरीत तो मळतो. या एका पुस्तकापुरता मी माळगावकरांना युंगरच्या वर ठेवीन.

आणि म्हणूनच १९७८ चं 'द मेन हू किल्ड गांधी' वाचताना मला अडखळायला होतं.

विषय आपल्या घरातला आहे. दिल्लीत ३० जानेवारी १९४८ ला गोळ्या झाडणारा नथुराम गोडसे आणि त्याचा जोडीदार नारायण आपटे पुण्यात एक दैनिक चालवत होते. विष्णू करकरे अहमदनगरचा. गोपाळ गोडसे खडकीच्या लष्करी डेपोत नोकरीला. शस्त्रं विकणारा दिगंबर बडगे पुण्याचा. हत्येनंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जळली, कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळला, आणि कित्येक कुटुंबांनी गाव कायमचं सोडलं. तुमच्यापैकी काहींच्या घरी 'आम्ही मूळचे तिकडचे, पण अठ्ठेचाळीसनंतर...' असं अर्ध्यावर सोडलेलं वाक्य ऐकायला मिळालं असेल. त्या जाळपोळीवर व्यंकटेश माडगूळकरांनी 'वावटळ' लिहिली. ती वाचा. लहान आहे, एका दिवसात होते.

माळगावकरांनी काय केलं, तर तुरुंगातून सुटलेल्यांना गाठून बोलतं केलं. गोपाळ गोडसे, करकरे, मदनलाल पाहवा, शिवाय माफीचा साक्षीदार बडगे. हे मोठं काम होतं आणि इतर कुणी एवढ्या बारकाईने केलेलं नव्हतं. पुस्तक वेगवान आहे. कॅनॉट प्लेसचं मरीना हॉटेल, खोट्या नावाने घेतलेली खोली, २० जानेवारीचा फसलेला प्रयत्न, पळापळ, ग्वाल्हेरला मिळवलेलं बेरेटा पिस्तूल. हॉटेलात राहिलेल्या कपड्यांवर धोब्याने टाकलेली नथुरामची आद्याक्षरं होती, मुंबईत प्राध्यापक जगदीशचंद्र जैनांनी मंत्र्यांना आधीच सावध केलं होतं, आणि तरी दहा दिवसांत पोलीस पोचले नाहीत. हे वाचताना हात मुठी आवळतात. काउंटर-इंटेलिजन्समधला माणूस इथे पूर्ण जागा आहे: कुठला धागा कुणाच्या हातून सुटला हे त्याला दिसतं.

पण कादंबरीकार कुठे गेला? 'बेंड' मध्ये एक खून ग्यानच्या पुढच्या सगळ्या आयुष्यावर सावली टाकतो. इथे एवढा मोठा खून, आणि खुन्यांच्या आत आपण शिरतच नाही. शिरतो ते त्यांच्या वेळापत्रकात. आपट्याचे सूट, त्याचं व्हिस्कीचं आणि बायकांचं वेड, नथुरामचा करारीपणा, कटातला सावळागोंधळ हे सगळं रंगवलेलं आहे, चविष्ट आहे. गांधी मात्र जवळजवळ एक ठिकाण होऊन जातात, बिर्ला हाउसच्या हिरवळीवरचं, जिथे संध्याकाळी पाच वाजता पोचायचंय. त्याच १९७८ मध्ये माळगावकरांनी 'शालिमार' या हिंदी सिनेमावरून एक थरारक कादंबरीही लिहिली, रत्नाच्या चोरीची. मी हे टोमणा म्हणून सांगत नाही. दोन्ही पुस्तकांचं यंत्र सारखं आहे, एवढंच म्हणते: माणसं जमतात, बेत ठरतो, अडचणी येतात, वाचकाला वाटायला लागतं की आता जमणार का. आणि गांधीहत्येच्या बाबतीत वाचकाला क्षणभर जरी 'जमणार का' असं वाटलं, तरी तो नकळत खोलीत कुणाच्या शेजारी बसलाय हे उघड आहे.

माळगावकर गोडसेचे समर्थक होते असा आरोप मी करत नाही, पुस्तकात तसं काही नाहीही. पण बेत करणारी, जीव पणाला लावणारी, फाशीला ताठ जाणारी माणसं त्यांना आकर्षक वाटतात. कान्होजी, हिरोजी महाराज, देवीदयाल, आणि इथे नथुराम. निष्ठा कशावर आहे यापेक्षा ती किती घट्ट आहे हे ते आधी बघतात. मेसमध्ये हा गुण असेल. गांधीहत्येवर लिहिताना तो पुरत नाही.

आता ते फॉरवर्ड झालेलं पान. पुस्तकाची सचित्र आवृत्ती २००८ मध्ये आली तेव्हा माळगावकर पंचाण्णवच्या घरात होते. नव्या प्रस्तावनेत त्यांनी म्हटलं की आधीचं लेखन आणीबाणीच्या सावटात झालं म्हणून काही गोष्टी गाळाव्या लागल्या. त्यातली मुख्य अशी: त्यावेळचे कायदामंत्री डॉ. आंबेडकर यांनी सावरकरांचे वकील ल. ब. भोपटकर यांना गुप्तपणे भेटून सांगितलं की तुमच्या अशिलाविरुद्ध खरा पुरावा नाही. ही गोष्ट आता सिद्ध झाल्यासारखी फिरते.

मला तिच्याबद्दल तीन शंका आहेत. भेटीत दोनच माणसं, आणि पुस्तकात हे छापलं गेलं तेव्हा दोघेही कधीच वारलेले होते. आंबेडकर तर १९५६ मध्येच. म्हणजे ही ऐकीव गोष्ट आहे, खरी असू शकते, पण पुरावा म्हणून उभी राहत नाही. दुसरं, आणीबाणी उठली मार्च १९७७ मध्ये. पुस्तक १९७८ चं. मग पुढच्या तीस वर्षांत कुणाची भीती होती? तिसरं, आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: कोर्टाचा निकाल आणि नंतरची चौकशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ते पान दोन्ही एकत्र कालवतं. फेब्रुवारी १९४९ मध्ये सावरकर निर्दोष सुटले, कारण त्यांच्याबाबतीत बडगेच्या साक्षीला स्वतंत्र दुजोरा नव्हता. हे कायद्याने बरोबर होतं. पण नोव्हेंबर १९६४ मध्ये गोपाळ गोडसे आणि करकरे सुटल्यावर पुण्यात सत्काराचा कार्यक्रम झाला, तिथे लोकमान्यांचे नातू ग. वि. केतकर बोलून गेले की नथुरामचा बेत आपल्याला आधी ठाऊक होता. त्यावरून संसदेत वादळ उठलं आणि न्यायमूर्ती कपूर आयोग आला. सावरकरांचे अंगरक्षक आणि सचिव यांनी १९४८ मध्ये पोलिसांना दिलेले जबाब खटल्यात पुढे आलेच नव्हते. आयोगाने ते पाहिले आणि १९६९ च्या अहवालात सावरकर आणि त्यांच्या गटाचा कट होता, याखेरीज दुसरा कुठला तर्क टिकत नाही, असा निष्कर्ष काढला. सावरकर तेव्हा हयात नव्हते, त्यांना उत्तर देता आलं नाही, हीसुद्धा खरी अडचण आहे. माळगावकरांना हा अहवाल माहीत होता, पोलिसांच्या चुकांसाठी त्यांनी तो वापरलाही. पण प्रस्तावनेतल्या किश्शाशेजारी त्याचा हा निष्कर्ष तेवढ्याच जोराने मांडलेला नाही. फॉरवर्ड करणाऱ्या काकांकडे तर तो नसतोच.

इथे मला पुन्हा युंगर आठवतो. त्याने आपलं पहिलं पुस्तक आयुष्यभर पुन्हा पुन्हा लिहिलं. १९२४ च्या आवृत्तीत राष्ट्रवादाचा जोर चढला, १९३४ च्या आवृत्तीत तो उतरवला. संशोधक आजही त्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून वाचतात: कुठली ओळ कधी आली, कधी गेली, आणि बाहेर तेव्हा काय चाललं होतं. जर्मन वाचकांनी युंगरला माफ केलं की नाही हे सोडून द्या, त्याला वाचायची एक शिस्त मात्र त्यांनी बसवली. माळगावकरांच्या १९७८ आणि २००८ च्या पुस्तकांवर असं काम झालेलं मला दिसलेलं नाही. मराठी समीक्षेला ते इंग्रजी लेखक म्हणून परके, आणि इंग्रजीच्या अभ्यासक्रमात त्यांची जागा रश्दींनंतरच्या पिढीने घेतली. दोन्हीकडच्या कपाटांतून पडलेला लेखक मग फोनवर एका पानाचा होऊन जगतो.

तुमच्यापैकी ज्यांना इंग्रजी मराठीपेक्षा जलद वाचता येतं, त्यांना हे काम आमच्यापेक्षा सोपं जाईल. कुठून सुरू करू असं विचाराल तर 'द प्रिन्सेस' पासून, आणि तिच्या जोडीला बागुल, मराठीत, अडखळत का होईना. मग 'बेंड'. 'द मेन हू किल्ड गांधी' शेवटी, आणि शक्य असेल तर दोन्ही आवृत्त्या. कपूर आयोगाचा अहवाल इंग्रजीत आहे, जाडजूड आहे आणि भाषा कोरडी आहे. धोब्याच्या खुणेचा भाग मात्र माळगावकरांइतकाच खिळवून ठेवतो.